सरक, मी चालवतो

येरकेनं शहरात दुसरं लग्न केल्याची बातमी गावात आली, तेव्हा त्याची आई उलबोसिन आपा माझ्याच स्वयंपाकघरात चहा पीत बसल्या होत्या. ट्रॅक्टर चालवणारा बोलात दाराशी उभा राहून बुटांवरचा बर्फ झटकत होता. झटकता झटकता तो म्हणाला, "आपा, तुमचा येरके भेटला की राजधानीत, माझ्या पुतणीच्या लग्नात. नवी बायको पण होती बरोबर. देखणी आहे हां!"

त्याला वाटलं, आईला ठाऊक असणारच.

"कसली नवी?" आपा म्हणाल्या.

बोलातनं माझ्याकडे पाहिलं, आपांकडे पाहिलं, आणि एक बूट झटकायचा राहिला तसाच चालता झाला. आपांनी अंगात कोट चढवला, बटणंही न लावता रस्ता ओलांडून घरी निघाल्या. मी मागोमाग. मी शाळेत स्वयंपाक करते. मुलांच्या सूपात मीठ घालते, लोकांच्या संसारात घालत नाही. पण त्या दिवशी पाय थांबेनात.

घरात सून तोरगिन शिलाईच्या यंत्रावर बसली होती. लग्नाच्या रजया शिवते ती, आसपासच्या सगळ्या गावांत तिच्याच रजया जातात. आपा उंबऱ्यातूनच गरजल्या, "तोरगिन, गाडी काढ! त्या गाढवाचा कान धरून त्याला घरी आणायचंय!"

"कुठल्या गाढवाचा?"

आपांनी सांगितलं. तोरगिननं ऐकून घेतलं, हातातली शिवण शेवटपर्यंत नेली, दातानं दोरा तोडला. मग म्हणाली, "उद्या सकाळी निघू. बॅटरी रात्री आत आणून ठेवावी लागेल, नाहीतर गाडी उठायची नाही."

बस, एवढंच. ना रडली, ना ओरडली. मला तर तिचाच राग आला. माझ्या नवऱ्यानं असं काही केलं असतं, तर मी चुलीवरचं पातेलं त्याच्या फोटोवर फेकलं असतं.

येरके तीन हिवाळ्यांपूर्वी बांधकामावर काम करायला राजधानीत गेला होता. सुरुवातीला फोन यायचे, मग सणासुदीला यायचे, मग तेही बंद. इकडे तोरगिन एकटी. सासू, आठ वर्षांची लेक, दोन गाई. कोळसा तीच उतरवून घ्यायची, छपरावरचा बर्फ तीच ढकलायची. रजया शिवून शिवून तिनं म्हाताऱ्या वालेरीकडून त्याची जुनी निवा गाडी विकत घेतली. गाव हसलं होतं. नंतर त्याच गावातल्या बाळंतिणी त्या गाडीतून दवाखान्यात गेल्या, हे गाव सोयीनं विसरतं.

मी बरोबर गेले, कारण माझी खालची कवळी तडकली होती आणि दातांचा डॉक्टर राजधानीत. हे लोकांना सांगायचं कारण. खरं म्हणजे या दोघींना एका गाडीत एकट्या सोडायला माझं मन धजेना. तोरगिनच्या लेकीला आम्ही माझ्या बहिणीकडे ठेवलं.

निघालो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. थंडी अशी की नाकातला केस न् केस वेगळा कळावा. गाडी दोनदा खोकली आणि उठली. आपा पुढच्या सीटवर, मांडीवर एक गाठोडं. थोड्या वेळानं गाडीत ऊब आली तसा गाठोड्याचा वास सुटला. कझी! घोड्याच्या मांसाचा तो जाडजूड सॉसेज, घरात धुरावलेला, सणाला काढायचा.

"आपा," तोरगिन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "ज्याला झोडायला चाललात, त्याच्यासाठी कझी?"

"झोडल्यावर भूक लागेल ना त्याला!"

मी मागे हसले, तर आपा माझ्यावरच घसरल्या. "दात काढू नकोस बातिमा, आधीच तडकलेत!"

मग त्या बोलायला लागल्या त्या थांबेचनात. येरकेचा बाप कसा होता, आणि हा कुणावर गेला. शहरातल्या बायका कशा असतात. सरकार कसं असतं, गावात काम ठेवत नाही म्हणून पोरं बिघडतात. रस्ता करणारे किती चोर. दोन्ही बाजूंना पांढरा माळ, मधूनच बर्चची एखादी राई, आणि डांबरावर वाऱ्यानं बर्फाच्या बारीक वेली सरपटत होत्या. तोरगिनचे दोन्ही हात चाकावर, नजर रस्त्यावर.

हमरस्त्याला लागलो आणि वेलींचे लोट झाले. बुरान सुटलं, माळावरचं ते आंधळं हिमवादळ. पुढच्या ट्रकचे लाल दिवे दिसायचे, नाहीसे व्हायचे. एका खानावळीपाशी रस्त्यावर आडवा दांडा पडला होता आणि डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळलेला एक पोरगेला पोलीस उभा होता.

"रस्ता बंद, आजी. पुढे काही दिसत नाही. आत बसा, चहा प्या."

आपांनी काच खाली केली. सगळा बर्फ माझ्या मांडीवर. "बाळा, तुझं लग्न झालंय?"

"नाही, आजी."

"मग तुला काय कळणार! माझ्या मुलाचा संसार जळतोय आणि तू मला चहा पाजतोस? उचल तो दांडा!"

"आजी, हा बर्फ आहे, मी नाही अडवलं तुम्हाला," तो बिचारा म्हणाला. तोरगिननं गाडी मुकाट खानावळीकडे वळवली.

आत ट्रकवाल्यांची गर्दी, ओल्या लोकरीचा वास, काचांवर वाफ. खानावळीची मालकीण रोझा, हातभर बांगड्या, मोठ्या किटलीतून दूध घातलेला चहा ओतत फिरत होती. आपांना एवढे कान एकदम कुठे मिळणार? चहाच्या पहिल्या वाटीलाच सगळी कहाणी सुरू. माझा मुलगा असा, ती शहरातली बया तशी, आणि ही माझी सून, बघा, तोंडात जीभ नाही, नवरा पळाला तरी रजया शिवत बसते!

आणि मग भरली की सभा. ज्याला त्याला सल्ला द्यायचा. शेजारच्या टेबलावरचा एक जाड्या ट्रकवाला, सापार त्याचं नाव, तोंडात मांस भरलेला समसा कोंबून म्हणाला, "पुरुष माणूस आहे, वहिनी. वाट चुकतो कधी. घोडा पण चुकतो. तुम्ही भांडू नका. गोड बोला. घरी गरम जेवण, गरम अंथरूण, कुठे जातोय?"

दुसरा म्हणाला, "मुलगा आहे का तुम्हाला? नाही? मुलगीच? मग तेच कारण बघा."

"रडा त्याच्यासमोर," तिसरा म्हणाला. "रडणारी बाई बघवत नाही."

रोझानं किटली ठेवली, एप्रनच्या खिशातून ओठांची लाली काढली आणि तोरगिनची हनुवटी धरली. "अशी पांढरीफटक जाणार का तिथे? ती नटून बसली असेल. जरा ओठ पुढे कर, ग बाई."

खरं सांगते, मीही म्हटलं, "लावून घे ग, काय बिघडतं?" आपा तर पुढे वाकून दाखवत होत्या, कुठे कमी लागली ते.

तोरगिननं लाली लावू दिली. सगळी लावून झाल्यावर टेबलावरचा कागदी रुमाल घेतला आणि ओठ पुसले, कातडी सोलून निघेल असे पुसले. मग ती उभी राहिली.

"मला कुणी विचारलं का, तो परत हवाय का म्हणून?"

ती ओरडली नव्हती, पण शेवटच्या टेबलापर्यंत माना वळल्या.

"आपा, तुम्ही विचारलंत? दारातून नुसतं 'गाडी काढ' म्हणालात. चुकलेली घोडी शोधायला निघाल्यासारखं. बातिमाताई, तुम्ही विचारलंत? या भाऊंना मी आज पहिल्यांदा बघतेय, यांना माझं अंथरूण गरम करायचंय!"

सापार खाली बघायला लागला.

"मग तू निघालीस कशाला?" आपांचा आवाज फाटला.

"तुम्ही निघाला होतात म्हणून! मी नाही म्हटलं असतं, तर तुम्ही रस्त्यावर उभं राहून हात केला असता येईल त्या गाडीला. गोठून मेला असतात. आणि मला त्याच्या तोंडावर सांगायचंय, घरी येऊ नकोस. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नाही ती."

"माझ्या मुलाला? त्याच्याच घरी?"

"त्याचं घर?" आता मात्र तिचा आवाज चढला. "तुमच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा तुम्हाला उचलून न्हायला कोण नेत होतं? छप्पर गळलं तेव्हा वर कोण चढलं? वालेरीनं गाडी चालवायला शिकवली, तर गावानं नाही नाही ते म्हटलं, तुम्ही पण म्हणालात, आणि मग त्याच गाडीत बसून बाजाराला आलात! तीन हिवाळे मी एकदा पण कुणाला विचारलं नाही, तो कुठे आहे म्हणून. तुम्हाला वाटलं, ही सोसते. मी सोसत नव्हते, आपा. मला तो नसण्याची सवय झाली होती. आणि मला ती आवडायला लागली होती."

आपांनी वाटी तोंडाला लावली. रिकामीच होती ती. तरी बराच वेळ तोंडाला धरून बसल्या.

दुपार कलल्यावर रस्ता उघडला. बर्फ सारणारी गाडी पुढे आणि मागे सगळ्यांनी ओळीनं जायचं. आपांसारखी बाई एवढी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. एका वळणावर पुढची गाडी एकाएकी थांबली, तोरगिननं आमची बाजूला घेतली, आणि चाकं सरळ कडेच्या ढिगात. दार उघडेना. मी आणि आपा खिडकीतून बाहेर पडलो, साठीच्या आणि सत्तरीच्या बायका, आणि कमरेएवढ्या बर्फात उभ्या राहून ढकलायला लागलो. आपांच्या डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानं पार नेला. मागून सापारचा ट्रक आला. त्यानं पट्टा बांधून आम्हाला ओढून काढलं. भला माणूस, पण जीभ आवरेल तर ना! पट्टा सोडताना म्हणालाच, "वहिनी, म्हणून म्हणतो, गाडी पुरुषाच्या हातात बरी."

"आमच्या पुढची गाडी पुरुषाच्याच हातात होती रे, ती का थांबली मग?" आपा बर्फातून कडाडल्या. "माझ्या सुनेला शिकवू नकोस! पट्टा घे आणि चालता हो!"

तोरगिननं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, चला, म्हातारीला कळलं. मी किती खुळी!

संध्याकाळी राजधानीत पोचलो. निघण्याआधी बोलातकडून घेतलेल्या नंबरावर आपांनी फोन केला, तर पत्ता निघाला बाजारामागच्या एका जुन्या इमारतीचा. दिव्याखाली येरके उभा होता. खेळाची विजार, पायात चपला, दाढी वाढलेली. नव्या बायकोचा मागमूस नव्हता. कारण सरळ होतं. याला गावी बायको आहे हे तिला त्या पुतणीच्या लग्नात बोलातच्याच तोंडून कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तिनं याचं सामान जिन्यात ठेवलं. आता हा तीन कामगारांबरोबर एका खोलीत राहत होता आणि कामही गेलं होतं.

आपा गाडीतून उतरल्या. दिवसभर घोकलेली शिव्यांची माळ कुठे गेली देव जाणे. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "किती वाळलास रे! काय खातोस तू?"

आणि गाठोडं सोडलं.

मी डोळ्यांनी पाहिलं ते सांगते. तो तिथेच उभा राहून कझी चावायला लागला. आपा रडत होत्या, तो चावत होता. "येणारच होतो ग आई मी. तिकिटाचे पैसे जमले की येणारच होतो." मग आत गेला, बॅग घेऊन आला. एवढा वेळ तोरगिन चाकामागे बसून होती, काच वर. तिच्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. बॅग माझ्या शेजारी फेकली, गोल फिरून तिच्या बाजूला गेला, दार उघडलं आणि म्हणाला,

"सरक, मी चालवतो."

कशी आहेस नाही. लेक कशी आहे नाही. चुकलो नाही. सरक!

तोरगिननं त्याच्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं, एखादं कापड पारखावं तसं. मग खाली उतरली. क्षणभर मला वाटलं, सरकली ही. पण तिनं मागचं दार उघडलं, बॅग बाहेर काढली आणि त्याच्या चपलांपाशी बर्फात ठेवली.

"ही गाडी माझी आहे. आम्ही तिघी आलो, तिघी जाणार. तू येऊ नकोस. हेच सांगायला आले होते."

"वेड लागलंय का तुला? आई, बघ ना हिला!"

"तोरगिन," आपा म्हणाल्या, "पोरी, बर्फात उभा आहे ग तो."

"पाठीमागे खोली आहे त्याला. आपा, तुम्ही चला. जेवायचंय तुम्हाला अजून."

"मी त्याला असा टाकून येऊ?"

"तुम्ही ठरवा."

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आपा, बसा गाडीत. तो बाळ नाही." त्यांनी मान हलवली आणि त्याची बॅग उचलली. मोडलेल्या पायाची बाई, चाळिशीच्या मुलाची बॅग तिनं उचलली, आणि त्यानं उचलू दिली!

त्या रात्री आम्ही दोघी माझ्या मावसबहिणीकडे झोपलो. सकाळी माझी कवळी दुरुस्त करून परतलो. रस्ता स्वच्छ होता, ऊन पडलं होतं, आणि पुढची सीट रिकामी होती, म्हणून मी तिथे बसले. तोरगिन एकदाच बोलली, "रुमालाशिवाय राहिल्यात त्या. कान दुखेल त्यांचा."

आठवड्यानं मायलेक बसनं गावी आले. घर कागदोपत्री आपांच्या नावावर. तोरगिननं त्याआधीच यंत्र, लेक आणि एक गाय घेऊन माझ्या घरामागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड केलं होतं. आणि आता ऐका गावाचं. जो माणूस तीन वर्षं बेपत्ता, त्याला जेवणाची आमंत्रणं! परत आला हो, लेकरू! आणि जिनं घर चालवलं, तिच्याबद्दल विहिरीवर कुजबुज, "नवरा दारात आला तरी हिचा ताठा जात नाही." बोलातच्या बायकोनं हे माझ्यासमोर म्हटलं तेव्हा मी तिला म्हटलं, "तुझं तिसरं बाळंतपण कुणाच्या गाडीत जवळपास झालं ग?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही.

वसंतात बर्फ वितळून चिखल झाला, तेव्हा तालुक्याच्या न्यायालयात घटस्फोटाची तारीख लागली. आणि येरकेनं काय मागावं? गाडीत अर्धा वाटा. लग्न टिकून असताना घेतली, म्हणजे दोघांची, असं त्याचं म्हणणं. वर हेही म्हणाला की बायकोनं मला वादळात रस्त्यावर सोडलं. मी जागेवरून उठलेच होते, शिपायानं बसवलं.

न्यायाधीश एक थकलेली बाई होती. तिनं साक्षीला आलेल्या आपांना विचारलं, "ही गाडी घेताना तुमच्या मुलानं काही दिलं होतं का?"

येरके आईकडे बघून हसला. लहानपणी काच फोडून तिच्या पाठीआड लपायचा तेव्हा असाच हसत असणार.

आपा उभ्या राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही दिलं. रजयांची गाडी आहे ती. आणि वादळात कुणी कुणाला सोडलं नाही, तिथे वादळच नव्हतं. दिव्याखाली उभा होता हा, पोटभर खाऊन." आणि खाली बसल्या.

गाडी तोरगिनची राहिली, घटस्फोट झाला. बाहेर पायऱ्यांवर मी आपांना गाठलं. "आपा, तुम्हाला सगळं कळतं, मग राहता कशाला त्याच्याजवळ? चूल पण तुम्हीच पेटवता, मला दिसतं खिडकीतून!"

"कळतं ना," त्या म्हणाल्या. "त्याला मी जन्म दिलाय, बातिमा. तिला नाही दिला. दिला असता तर बरं झालं असतं."

तोरगिन गाडी घेऊन पायऱ्यांपाशी आली. "आपा, बसा. घरी सोडते. गुडघाभर चिखल आहे बसथांब्यापर्यंत."

"आणि हा?"

"तो येईल बसनं."

आपांनी गाडीकडे पाहिलं. मग येरकेच्या हातातली कागदांची पिशवी आपल्या हातात घेतली, आणि दोघं चिखलातून बसथांब्याकडे निघाली. तो पुढे, त्या मागे.

मी गाडीत बसून दार आपटलं. गाव येईपर्यंत मी बोलत होते, त्याला, त्यांना, गावाला, सगळ्यांना. तोरगिननं बरंच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बातिमाताई, वाटेत लोकरवाल्याकडे थांबू या का? सोमवारी दोन रजया द्यायच्यात आणि घरात मूठभर लोकर नाही."